खिडकी नसलेली खोली

१

वहिनींनी मोबाइल टेबलावर पालथा घातला, पुन्हा उलटा केला आणि मग सरळ आत्याच्या हातात दिला.

"वाचा, वन्सं. मला वाचता येतंय, पण पटत नाहीये."

मेसेज जहाज कंपनीच्या ऑफिसातून आला होता. 'आपल्या विनंतीनुसार आपली व आपल्या सहप्रवाशांची केबिन रद्द करण्यात आली आहे. पुन्हा कधीतरी आपली सेवा करण्याची संधी मिळावी ही इच्छा.'

"आपल्या विनंतीनुसार?" आत्या म्हणाली. "तुम्ही फोन केला होतात?"

"मी? काल दिवसभर मी बॅगेचं तुटलेलं चाक बसवून घेत बाजारात फिरत होते. जाणाऱ्या माणसाची लक्षणं आहेत ही की न जाणाऱ्याची?"

आत्या भावाच्या मुलांची आत्या, म्हणून घरातल्या सगळ्या धाकट्यांची आत्या. वहिनी तिला 'वन्सं' म्हणत, आणि घराबाहेर ती 'मॅडम' होती. विमा कंपनीत खोटे दावे शोधून काढण्यात तिची सगळी नोकरी गेली. कधीच न जळलेली गोदामं तिने पाहिली होती, आणि चोरीला गेलेल्या गाड्या मालकाच्याच मेहुण्याच्या अंगणातून बाहेर काढल्या होत्या. निवृत्त झाली तेव्हा साहेबांनी भाषणात तिला 'नाक' म्हटलं होतं, आणि ते तिला आवडलं होतं.

पण हे प्रकरण घरचं होतं. वहिनींनी नवऱ्याचं लांबलेलं आजारपण काढलं. तो गेल्यावर वर्षभर त्या नुसत्या बसून होत्या. एक दिवस त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मला उबदार पाण्यात जहाजातून फिरायचंय. वन्सं, येता?" आत्या कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेली नव्हती, तरी ती "येते" म्हणाली. त्यानंतर दोघींनी जहाज निवडायला घेतलं, आणि सगळ्या घराला तोंड फुटलं.

आत्याने ऑफिसला फोन लावून स्पीकर सुरू केला. पलीकडून शांत आवाज आला. "हो, काल दुपारी बाईंनी स्वतः फोन केला होता. नाव सांगितलं, जन्मतारीख सांगितली. तब्येतीचं कारण दिलं."

फोन बंद झाल्यावर वहिनी उठून चपला शोधू लागल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"माझी जन्मतारीख रस्त्यावरच्या माणसाला माहीत नसते, वन्सं. हे आपल्यातल्याच कोणीतरी केलंय. चला."

२

ऑफिस बंदराजवळच्या गल्लीत, दोरखंडांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतीवर त्यांच्या जहाजाचा फोटो लावलेला. जहाज छोटं होतं, जुनं होतं आणि पोटाशी जरा गंजलेलं होतं. त्यावर नाचगाणी नव्हती की दुकानं नव्हती. जेवण एकाच खोलीत, आपलं ताट आपण घेऊन. रोज एखाद्या बेटाजवळ नांगर टाकायचा, शिडी सोडायची, ज्याला उतरायचं त्याने कोमट पाण्यात उतरायचं. बाकीच्यांनी डेकवर पाय पसरून बसायचं. वहिनींनी हा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "हे जहाज माझ्यासारखं आहे. चालतंय अजून."

काउंटरवरचा कारकून तरुण होता आणि चांगलाच कानकोंडा झाला होता.

"काल रद्द झालेल्या केबिनसाठी आलोय," आत्याने सुरुवात केली. "या वहिनी, ज्यांच्या नावावर ती होती. आणि बरोबरची प्रवासी मी."

"अच्छा, म्हणजे आत्या तुम्ही! बसा, आत्या, बसा." त्याने खुर्च्या पुढे सरकवल्या. मग वहिनींकडे पाहून तो जरा थबकला. "बोला बरं काहीतरी."

"काय बोलू? संताप आलाय, तो बोलू?"

"नाही, हा आवाज नव्हता," तो खालच्या सुरात म्हणाला. "कालचा आवाज तरुण होता. हळू बोलत होत्या, घाईत. म्हणाल्या, दोघींचंही रद्द करा, ती वरच्या मजल्यावरची खिडकीची खोली. मी म्हटलं, खिडकीची खोली तर तुम्ही गेल्या आठवड्यात बदललीत, आता खालची बिनखिडकीची आहे. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, जी असेल ती."

"आणखी काही?" आत्याने विचारलं. "मागे कोणी बोलत होतं? गाड्यांचे आवाज?"

"यंत्राचा आवाज येत होता. बारीक, कर्कश. चालू व्हायचा, बंद व्हायचा. आणि मध्येच पाण्याचा."

त्याने साहेबांना आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन निरोप सांगितला. खोली वेटिंगवाल्यांना देऊ केली आहे. संध्याकाळी ऑफिस बंद होण्याआधी फोन कोणी केला ते नावानिशी कळवलं, तर फसवणूक झाली म्हणून खोली परत देता येईल. नाहीतर नाही. मोसमातली ही शेवटची फेरी होती, आणि त्यानंतर जहाज दुरुस्तीला जाणार होतं. परत कधी निघेल, ते त्यालाही सांगता येईना.

जिना उतरताना वहिनींनी आत्याचा दंड घट्ट धरला.

"बारीक, कर्कश यंत्र. आणि पाणी. वन्सं, आपल्या स्वयंपाकघरात फरशीचं काम काढलंय ना? काल मी बाजारात असताना कापणारे परत आले असतील."

३

घरी स्वयंपाकघराच्या दारात फळी आडवी लावलेली होती. सून फळीच्या अलीकडे जमिनीवर बसून कांदे चिरत होती. मुलगा आज घरूनच काम करत होता. कानातली तार काढत तो बाहेर आला.

वहिनींनी आडपडदा ठेवला नाही. "माझ्या नावाने फोन करून कोणी माझी केबिन रद्द केली?"

सुनेने सुरी खाली ठेवली. "माझ्याकडे बघून विचारताय, आई?"

"सगळ्यांकडे बघून विचारतेय."

"मग माझं ऐका. तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. मुलांना शाळेतून आणायचं कोणी, हे मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. जेवायच्या टेबलावर, तुमच्या तोंडावर. रागही आला होता तुम्हाला. मला भांडायचं असलं की मी भांडते. दुसऱ्याचा आवाज काढून फोन करायला मला वेळ आहे का?"

आत्याने फळीवरून वाकून पाहिलं. नवी फरशी चकचकीत दिसत होती. तिच्यावर ना पाऊल होतं ना कापणीची भुकटी.

"कारागीर कुठे गेले?"

"परवा बसवून गेले. ओली आहे, दोन दिवस पाय ठेवायचा नाही म्हणाले. म्हणून तर इथे बसलेय हे सगळं घेऊन. काल दिवसभर घरात चिटपाखरू नव्हतं."

म्हणजे काल या घरात यंत्र चाललंच नव्हतं. आत्याने ते मनात नोंदवलं.

मुलगा मात्र तापला होता. "आई, जे झालं ते बरं झालं असं समज. त्या तळघरात कोंडून घेण्यासाठी एवढा अट्टहास? खिडकीसुद्धा नाही! लोक काय म्हणतील, आईला बोटीच्या बुडात पाठवलं?"

"झोपायच्या खोलीला खिडकी कशाला? झोपताना माझे डोळे मिटलेले असतात."

"आणि खरं विचारायचं तर..." तो आत्याकडे वळला. "जन्मतारीख आत्यालाही पाठ आहे. पाण्याची भीती आत्याला आहे. जायचं नसेल, पण तुला तोंडावर नाही म्हणवत नसेल, तर असा फोन कोण करील? आवाज बदलणारी माणसं तिने जन्मभर पाहिलीत. शिकली नसेल कशावरून?"

आयुष्यात पहिल्यांदाच आत्याला संशयिताच्या खुर्चीत बसवलं गेलं होतं, आणि वहिनी तिच्याकडे पाहत होत्या.

४

दोघी रस्त्याला लागल्या. कोपऱ्यावर आत्याच थांबली.

"वहिनी, तो म्हणतो ते खोटं नाही. पाण्याची भीती वाटते मला. रात्री झोपेतून दचकून उठते."

"माहीत आहे. तुम्ही घोरायच्या थांबता तेव्हा कळतं मला."

"मग मी फोन केला नाही कशावरून?"

"वन्सं, लग्न होऊन आले त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतंत, वहिनी, चहा पांचट झालाय. सगळ्या पाहुण्यांसमोर. तुम्हाला यायचं नसतं तर तुम्ही बोंब मारून सांगितलं असतंत." वहिनींनी पदर खोचला. "चला त्या टायवाल्याकडे. त्याने आपल्याला ते तरंगतं शहर विकायचा किती पिच्छा पुरवला होता. ज्येष्ठांची सवलत म्हणून माझी जन्मतारीखही घेतली होती मेल्याने."

टायवाला एजंट काचेच्या दुकानात, थंडीतही पंखा लावून बसलेला असे. महिन्याभरापूर्वी त्याने दोघींपुढे राक्षसी जहाजाचं चकचकीत पुस्तक उघडलं होतं. त्यावर अनेक उपाहारगृहं होती, नाटकगृह होतं, डेकवर बर्फाची घसरगुंडी होती. वहिनींनी पानं उलटून विचारलं होतं, "हे सगळं बघायचं तर समुद्र कधी बघायचा?" तेव्हापासून त्याचे फोन थांबत नव्हते.

आज मात्र तो दोघींना पाहून उठून उभा राहिला. "या या! काय घेणार? सरबत?"

"आमची केबिन रद्द झालीय," आत्या म्हणाली आणि त्याच्या चेहऱ्यावर नजर रोखून उभी राहिली.

"अरेरे!" तो म्हणाला. "वाईट झालं. पण होईल हो सगळं चांगलं. काळजी करू नका."

एवढंच. चकचकीत पुस्तक त्याच्या कोपराखाली होतं, पण त्याने ते उघडलं नाही. राक्षसी जहाजात जागा आहे असं म्हटलं नाही, सवलतीचा शब्द काढला नाही. उलट दोघींना दारापर्यंत सोडायला आला आणि वहिनींकडे बघून गोड हसला.

बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "सुधारला की हा!"

"माणसं दुपारच्या जेवणानंतर सुधारत नाहीत," आत्या म्हणाली. "समोर गिऱ्हाईक आहे, त्याची दुसरी सोय नुकतीच बुडालीय, आणि हा काही विकत नाही. विकणारा विकायचं केव्हा थांबवतो? त्याचं विकून झालेलं असतं तेव्हा."

"मला? मी कुठे काय घेतलं?"

आत्या उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिला दुसरंच काहीतरी टोचलं. ती रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून सायकलवाल्याने घंटी वाजवली.

"वहिनी, तो ऑफिसातला पोरगा. तो मला आत्या म्हणाला."

"मग? आदराने म्हणाला असेल."

"आदराने लोक मला मॅडम म्हणतात. फार तर मावशी, चिडले तर आजी. आत्या कोणी म्हणत नाही. त्याने मला जन्मात पाहिलं नव्हतं. मग मी आत्या आहे हे त्याला कोणी सांगितलं?"

तिने तिथेच कारकुनाला फोन लावला. तो म्हणाला, "त्या बाईच म्हणाल्या ना काल. माझं आणि आत्याचं, दोघींचंही रद्द करा, असं."

आत्याने फोन पिशवीत टाकला. वहिनी तिला कधीही आत्या म्हणाल्या नव्हत्या. फोन करणारीने वहिनींचं नाव घेतलं, जन्मतारीख घेतली, पण नातं मात्र स्वतःचंच तोंडातून निसटून गेलं.

"चला," आत्या हळूच म्हणाली. "पण आधी मन घट्ट करा."

५

वहिनींच्या एकुलत्या एक लेकीचा दातांचा दवाखाना जवळच होता. लेक आईची लाडकी. वहिनींनी जहाजाचं काढलं तेव्हा घरात ती एकटीच "जा की, आई" म्हणाली होती, आणि मोठी गवती टोपीही आणून दिली होती.

बाहेरच्या खोलीत गालाला रुमाल लावून एक गृहस्थ बसले होते. आतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर लेकीची मदतनीस डॉक्टर कोणाचा तरी दात कोरत होती. बारीक, कर्कश आवाज येई आणि थांबे. रोगी वाकून चूळ भरी, की भांड्यात पाणी पडे.

वहिनी दारातच खिळल्या. त्यांना कोणी काही सांगावं लागलं नाही.

लेक मास्क खाली करत आली. "आई! आत्या! दोघी अशा अचानक?"

"तुझ्या खोलीत बसू या," आत्या म्हणाली.

दार लोटल्यावर आत्या बोलली. आवाज चढवला नाही, नोकरीत ज्या सुरात बोलायची त्याच सुरात बोलली.

"काल इथून एक फोन गेला. करणारी मला आत्या म्हणाली, म्हणजे एजंट नाही आणि त्याच्याकडचंही कोणी नाही. घरातल्या धाकट्यांपैकीच कोणीतरी. बाईचा आवाज, म्हणजे सून किंवा तू. यंत्र चालू होतं, आणि घरी काल यंत्र नव्हतं. तरी माझा विश्वास बसेना. पण तिने खिडकीची खोली रद्द करायला सांगितली. खोली बदलल्याचं घरी सगळ्यांना माहीत आहे, तुझा भाऊ तिला तळघर म्हणतो. तुला ते सांगितलं नव्हतं. तू खिडकीसाठी एवढी भांडली होतीस, की वहिनी म्हणाल्या, तिला भेटल्यावर समजावून सांगेन. तू गेले कितीतरी दिवस भेटायलाच आली नाहीस. आणि तो टायवाला आज आम्हाला काहीच विकेना. तुला काय विकलं त्याने?"

लेकीने नाकारलं नाही. उलट हनुवटी वर केली. अगदी वहिनींसारखी.

"बाल्कनीची खोली," ती म्हणाली. "मोठ्या जहाजावर, त्याच तारखांना. आईची आणि माझी. परवा येऊन सांगणार होते. आश्चर्याचा धक्का देणार होते."

"दिलास की," वहिनी म्हणाल्या.

"आई, बाबा आजारी असताना मी कितीदा म्हटलं, चल, चार दिवस माझ्याबरोबर बाहेर चल. दर वेळी नाही म्हणालीस. आणि आत्याला स्वतःहून विचारलंस! मी कोण होते मग? आणि जायचं ते कसल्या जहाजात? तू आयुष्यभर सगळ्यांचं उरलंसुरलं घेतलंस. एकदा तरी चांगलं घे ना. मी देतेय ना!" तिचा आवाज फाटला. "चुकलं असेल माझं. पण फोन करून मी त्या कारकुनाला माझं नाव सांगणार नाही. ती खोली परत मिळावी असं मला वाटतच नाही."

बाहेर यंत्र थांबलं. आत्याला वाटलं, आता या वाकणार. माया होती ती, आणि मायेपुढे वहिनी नेहमी वाकत आल्या होत्या.

"तुझ्या बाबांच्या आजारपणात मी घड्याळावर जगले," वहिनी म्हणाल्या. "औषध, पथ्य, पट्टी, झोप. ते मी आनंदाने केलं, त्याचं मला काही नाही. पण आता मला अशी जागा हवी, जिथे सकाळपासून मला कोणी काही दाखवायला, भरवायला, करमवायला येणार नाही. तुझी बाल्कनी चांगलीच असेल. पण ती तू निवडलीस. हे जुनं जहाज मी निवडलं. माझ्या पैशात बसतं म्हणून निवडलं, आणि आवडलं म्हणूनही निवडलं. मी उरलंसुरलं घेत नाहीये, पोरी. आयुष्यात पहिल्यांदा मी मागून घेतेय."

"पण आई..."

"थांब." वहिनींनी आत्याच्या पिशवीतून फोन काढला आणि ऑफिसला लावला.

"कळलं का, कोणी केला होता फोन?" कारकुनाने विचारलं.

वहिनींनी लेकीकडे पाहिलं. लेकीचे डोळे भरले होते, पण हनुवटी अजून वरच होती.

"कळलं. सांगणार नाही."

"अहो, मग खोली परत देता येणार नाही."

"नका देऊ. वेटिंगवाल्यांना द्या. त्याहून खालचं काय शिल्लक आहे?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "चौघींची सामाईक खोली आहे, दोन बर्थ रिकामे. पण बाथरूम बाहेर आहे हो, आणि इंजिन शेजारीच. तुम्हाला नाही जमणार."

"स्वस्त असेल?"

"बरीच."

"द्या. आणि लिहून ठेवा, यापुढे माझ्या नावाने कोणी काहीही रद्द करायला सांगितलं, तर मी समोर येऊन उभी राहीपर्यंत ऐकायचं नाही."

आत्याला हसू आवरेना. तिने तोंडावर पदर धरला. लेक मात्र खुर्चीत बसली, आणि लहान मूल बसतं तसे तिने दोन्ही पाय वर घेतले.

६

निघायच्या दिवशी मुलगा सामान घेऊन धक्क्यापर्यंत आला. सुनेने मुलांची सोय शेजारच्या घरी केली होती. "जमवलं कसंतरी, पण परत आल्यावर दोन आठवडे तुमची पाळी," असं तिने ठणकावून सांगितलं होतं. वहिनींना ते सगळ्या आशीर्वादांहून बरं वाटलं.

लेक शेवटच्या क्षणी, दवाखान्याच्या कोटातच धावत आली. बाल्कनी तिने सोडून दिली होती. टायवाल्याचे फोन आता तिला येत होते. ती आईसमोर उभी राहिली आणि जहाजाकडे, त्याच्या गंजलेल्या पोटाकडे बघत राहिली. काहीतरी वाईट बोलायचं तिने गिळलेलं दिसलं.

"आई, पुढच्या वर्षी माझ्याबरोबर येशील?"

वहिनींनी तिच्या कोटाची वर-खाली लागलेली बटणं नीट लावली.

"विचारलंस, बरं केलंस."

"म्हणजे हो?"

"म्हणजे विचारलंस, बरं केलंस. उत्तर परत आल्यावर देईन. नाहीही म्हणेन कदाचित. तरी विचारत जा."

खोलीत दोन बायका आधीच येऊन बसल्या होत्या. एक बस चालवणारी होती, धिप्पाड आणि हसरी. दुसरी तिची सासू. खालचे दोन्ही बर्थ त्यांनी घेतले होते. वहिनींचे पांढरे केस पाहून बसवाली लगबगीने उठली.

"मावशी, तुम्ही खाली या. वर चढणं तुमचं काम नाही."

"बसा तुम्ही," वहिनी म्हणाल्या.

त्यांनी निऱ्या वर खोचल्या, लोखंडी शिडीला हात घातला आणि एकेक पायरी चढू लागल्या. मधल्या पायरीवर गुडघा कट्टकन वाजला. तिघींचे हात आधाराला पुढे आले. वहिनींनी मान वळवून अशा नजरेने पाहिलं, की तिन्ही हात मागे गेले. मग त्या वर पोचल्या, आडव्या झाल्या, आणि छत नाकापासून हातभर अंतरावर पाहून मोठ्याने हसल्या.

खालून इंजिन थरथरलं. उशाशी फोन वाजू लागला. धक्क्यावरून लेकीचा होता.

"आई, खोली कशी आहे? खरं सांग."

"इंजिन पाठीला मालिश करतंय," वहिनी म्हणाल्या. "ठेव आता. आम्ही निघालो."

त्यांनी फोन बंद केला आणि आत्याकडे खाली सोडला. "हा तुमच्या पिशवीत ठेवा, वन्सं. मागितला तरी देऊ नका."

आणि आत्या नको नको म्हणत असताना, त्या शिडीवरून उलट्या उतरू लागल्या. डेकवर जायला.